मे महिन्यातला हीटर

मुंबईत गाडीचा हीटर दुरुस्त करायला निघालेल्या माणसाकडे लोक कसे बघतात, ते मी मामांच्या मागे उभं राहून पुष्कळदा पाहिलं आहे. ऑपेरा हाउसला स्पेअर पार्टच्या दुकानात मामांनी "हीटरच्या फॅनचे कार्बन आहेत का हो?" असं विचारलं, की काउंटरवरचा माणूस आधी मामांकडे बघतो, मग डोक्यावर गरगरणाऱ्या पंख्याकडे आणि शेवटी माझ्याकडे. माझ्याकडे बघताना त्याच्या डोळ्यांत "घरचे लक्ष देत नाहीत वाटतं" असं स्पष्ट लिहिलेलं असतं.

मामा दादरच्या हिंदू कॉलनीत राहतात आणि त्यांची मॉरिस मायनर गल्लीतल्या झाडाखाली राहते. गाडी १९५७ सालची, ९४८ सीसीची. आजोबा डॉक्टर होते. मायदेशी परत निघालेल्या एका साहेबाकडून त्यांनी ती घेतली. साहेबाने ती बोटीतून हीटरसकट आणली होती. या हीटरला विलायतेतही त्या काळी वेगळे पैसे पडत. गाडी ज्याने बेतली तो अ‍ॅलेक इसिगोनिस, गाडी चालवणाऱ्याला फार आराम मिळू नये अशा मताचा माणूस. रेडिओ त्याला खपत नसे, मऊ सीट खपत नसे. एवढं असून गाडी सोळा लाखांच्या आसपास खपली. इंग्लंडातल्या लोकांनाही आराम फारसा मानवत नसावा.

हीटरचं खरं काम या गाडीत एकदा झाल्याची आमच्या घरात नोंद आहे. २२ जानेवारी १९६२ला सांताक्रूझच्या वेधशाळेत पारा ७.४ अंशांवर उतरला. त्या रात्री व्हिजिटला जाताना आजोबांनी हीटर लावला आणि पेशंटच्या घरी पोचेपर्यंत त्यांना घाम फुटला, असं मामा सांगतात. आजी मात्र शेवटपर्यंत म्हणायची, की पेशंट गंभीर होता म्हणून घाम फुटला.

मग उरलेली वर्षं या हीटरने केलं काय? हीटर म्हणजे दुसरं काही नाही, पायांपाशी बसवलेला एक धाकटा रेडिएटर. इंजिन थंड करून तापलेलं पाणी होजमधून त्याच्यात येतं आणि मागचा छोटा पंखा त्या जाळीतून हवा फेकतो. ही ऊब फुकटची, इंजिनने टाकून दिलेली. आता उलट बाजूने बघा. माणसाला जेवढी ऊब मिळते, तेवढीच इंजिनची कमी होते. हिंदमाताच्या सिग्नलला मे महिन्यात गाडी रखडली, की इंजिनची चाल मंदावते. मोठ्या रेडिएटरचा पंखा इंजिनच्याच पट्ट्यावर फिरणारा, तोही मंदावतो आणि पाणी उकळायला लागतं. अशा वेळी हीटर पूर्ण लावायचा आणि काचा खाली करायच्या. आपण भाजून निघायचं, इंजिन वाचतं. दादर-परळच्या रस्त्यावर हीटर हा असा परोपकाराचा मामला आहे.

या मॉरिसमध्ये हीटरला पाणी सोडायचा नळ डॅशबोर्डवर नाही. तो इंजिनच्या हेडवर आहे. बॉनेट उघडून हाताने फिरवावा लागतो. विलायतेत हा नळ उन्हाळा आला की बंद करत. मामा तो होळीला उघडतात आणि दिवाळी झाली की बंद करतात. मधल्या काळात पाऊस येतो, काचेवर आतून वाफ धरते, तेव्हाही हीच गरम हवा कामाला येते. काचेच्या बाहेरच्या बाजूला टॅक्सीवाले तंबाखू चोळायचे, तो इलाज मामींनी एकदाच करू दिला.

तर यंदा होळीला नळ उघडला आणि पंखा फिरेना. नुसता गुरगुरायचा. मामांनी बातमी जेवताना सांगितली. मामी म्हणाल्या, "बाथरूमचा गिझर दिवाळीपासून बंद आहे, तो नाही दिसला." त्यावर मामांनी आमटी वाढून घेतली.

मेस्त्री परळचे, एका बंद गिरणीच्या भिंतीला लागून त्यांचं काम चालतं. माणूस हुशार, पण त्यांच्या धंद्याचं एक ब्रीद आहे: जे बिघडलं ते डायरेक्ट करून टाकायचं. थर्मोस्टॅट चिकटला, काढून टाका. हीटर गळतो, दोन्ही पाइप एकमेकांना जोडून डायरेक्ट. "काका, मुंबईत हीटर काय करायचाय तुम्हाला? पाच मिनिटांत डायरेक्ट करून देतो." मामांनी त्यांना बाकड्यावर बसवून पाण्याचा सगळा प्रवास समजावला. मेस्त्रींनी ऐकून घेतलं, कारण मामा चहा सांगून बोलत होते.

पंख्याची मोटार सोडवून त्यांनी बॅटरीवर लावायला घेतली तेव्हा आणखी एक वळसा निघाला. या गाडीचा प्लस बॉडीला आहे, मायनस नव्हे. मामांनी बॅटरीजवळ लाल रंगात 'प्लस अर्थ' असं लिहूनच ठेवलंय, कारण दर नवा बॅटरीवाला ती सरळ करायला, म्हणजे उलटी करायला, जातो.

मोटार उघडली. मोटारीला वीज पोचवणारे कार्बन झिजून करंगळीच्या नखाएवढे उरले होते आणि त्यांचा काळा भुगा कॉम्युटेटरच्या खाचांत ठासून बसला होता. मेस्त्रींनी हॅकसॉ ब्लेडचा तुकडा घेतला आणि तांब्याच्या दोन पट्ट्यांमधली एकेक खाच कोरत गेले. कोरायची, फुंकर मारायची, उजेडात धरायची, पुढची घ्यायची. मग पॉलिश पेपरची पट्टी गुंडाळून आर्मेचर बोटांत फिरवलं, तसं काळ्याखालून तांबं वर आलं. ज्यांना हा हीटर डायरेक्ट करायचा होता, तेच आता चहा थंड झालेला विसरले होते. बुश तेलात बुडवून ठेवले.

कार्बन मात्र कुठे मिळेनात. लोहार चाळीतून मिक्सरचे आणले, घासून मापाचे केले. मोटार फिरली, पण रडत, ठिणग्या उडवत. मिक्सरचा कार्बन २३० व्होल्टचा गडी, बारा व्होल्टला त्याच्यातून वाट काढणं जड जातं. इथे तांबं मिसळलेला लागतो. तो अखेर एका भंगारातल्या वायपर मोटारीत सापडला. काळ्या-पिवळ्या पद्मिनी टॅक्सी २०२३ साली रस्त्यावरून गेल्या, तेव्हापासून असलं सामान चाळणारे हातही कमी झालेत, असं मेस्त्री म्हणाले. पैसे मात्र त्यांनी चाळणीसकट लावले.

पंख्याची खरी परीक्षा मेमध्ये झाली. गिरगावात लग्न होतं. पुढे मामा आणि मी, मागे पैठणी नेसलेल्या मामी आणि मावशी. लालबागच्या पुलावर पुढे एक ट्रक बंद पडला होता आणि ना पुढे जाता येत होतं ना मागे. मॉरिसला पाण्याचा गेज नाही. तो मामांच्या नाकात आहे. त्यांनी एकदा हुंगलं आणि डॅशबोर्डखाली हात घालून बटण ओढलं. पंखा सणसणीत सुरू झाला. गरम हवेचा झोत माझ्या पायांवर, तिथून सीटखालून पैठण्यांपर्यंत.

मावशी पदराने वारा घेत म्हणाल्या, "भाऊ, एवढी जुनी गाडी ठेवलीस, निदान एसी तरी लावून घ्यायचास."

"लावलाय की," मामा म्हणाले, "गाडीला."