तुघलक, नादिरशहा आणि आमचं कपाट

जड सामान हलवण्याचा दिल्लीइतका दांडगा अनुभव देशात दुसऱ्या शहराला नसेल. 1327 च्या सुमारास महंमद तुघलकानं राजधानी दौलताबादला न्यायचं ठरवलं आणि उमराव, उलेमा, सूफी अशा सगळ्या लवाजम्याला दक्षिणेच्या वाटेला लावलं. काही वर्षांनी म्हणाला, चला परत. 1739 मध्ये नादिरशहा आला, त्यानं निवड केली : मयूरासन इराणला, भिंती दिल्लीला. 1760 मध्ये सदाशिवरावभाऊंनी तिसरी रीत घालून दिली. दिवाण-ए-खासचं चांदीचं छत उतरवून वितळवलं, नाणी पाडली आणि फौजेचे थकलेले पगार भागवले. वाहतूक खर्च शून्य!

निवृत्तीनंतर नोएडाहून पुण्याला परतायचं ठरलं, तेव्हा हे तिन्ही पंथ आमच्या घरात नांदू लागले. मी भाऊसाहेबांच्या बाजूचा, बायको तुघलकाच्या. मुलगा गुरुग्रामला राहतो आणि त्याच्या घरात पलंगापासून फ्रिजपर्यंत सगळं महिन्याच्या भाड्यावर आहे. “बाबा, फर्निचर विकत घेतं का कुणी हल्ली?” असं त्यानं विचारलं, तेव्हा त्याच्या आईनं सागवानी कपाटावरून असा हात फिरवला, की मी पुढची चर्चा दुसऱ्या दिवसावर ढकलली.

मी वही काढली. एका बाजूला चौदाशेहून अधिक किलोमीटरचं ट्रकभाडं, पॅकिंग, हमाली, विमा आणि त्यावर 18 टक्के जीएसटी. दुसऱ्या बाजूला नव्या फर्निचरची किंमत. आकडे स्वच्छ बोलत होते : विका.

“नवं कुठून घेणार?” बायकोनं विचारलं.

म्हणून कीर्तिनगरला गेलो. दुकानदारानं शीशमचं कपाट दाखवलं, “सहारनपूर का काम है” म्हणाला, आणि किंमत सांगताना पाण्याचा ग्लास पुढे केला. त्याला अनुभव असावा. शेजारच्या दुकानातलं स्वस्त कपाट बायकोनं बोटानं वाजवून पाहिलं. लाकडाचा भुसा दाबून केलेल्या फळीचं होतं ते. “हे पुण्याच्या एका पावसाळ्यात पुरीसारखं फुगेल,” ती म्हणाली. वर तिच्याकडे राष्ट्रीय पातळीवरचा पुरावा होता. 2023 मध्ये उघडलेल्या नव्या संसद भवनासाठी सागवान नागपूरहून आणलं. “सरकारला दिल्लीत लाकूड मिळत नव्हतं का?”

मी विक्रीची जाहिरात टाकली. दिल्लीत गिऱ्हाईक आधी किंमत विचारत नाही, ‘लास्ट प्राइस’ विचारतं. पहिली किंमत हा त्याच्या लेखी शिष्टाचाराचा भाग असतो. कूलर लगेच गेला. वाळ्याच्या जाळ्यांतून पाणी झिरपवणारं ते धूड दिल्लीच्या कोरड्या लूमध्ये देवदूत असतं, पुण्याच्या जुलैत मात्र त्यातून फक्त डास निघाले असते. रजायांनी भरलेला बॉक्सबेड आणि सोफाही गेले. कपाट पाहायला आलेल्या कबाडीवाल्यानं ते दोन बोटांनी हलवून पाहिलं. हललं नाही. तरी म्हणाला, “पुराना माल है साहब,” आणि जी रक्कम सांगितली तीत आम्हा दोघांचं एक वेळचं जेवण झालं असतं. मिठाईशिवाय.

त्याच आठवड्यात अमर कॉलनीच्या जुन्या फर्निचरच्या बाजारात आमच्या कपाटाचा सख्खा भाऊ शोभावा असा एक नग दिसला. मूठ तुटकी, पॉलिश उडालेलं. किंमत ऐकून मी मागे सरलो. “अँटीक है,” विक्रेता म्हणाला. आमच्या दारापासून त्याच्या फुटपाथपर्यंत येताना पुराना माल अँटीक होतो, एवढं मला कळलं. बायकोला जे कळलं, ते तिनं परतताना मेट्रोत सांगितलं नाही. फक्त माझी वही स्वतःच्या पर्समध्ये ठेवली.

कपाट पुण्याला जाणार, हे असं ठरलं.

मूव्हर्सचा माणूस सर्व्हेला आला. विम्याच्या फॉर्मवर कपाटाची किंमत लिहायची होती. कबाडीवाल्याचा आकडा मी पुटपुटलो. बायकोनं पेन घेतलं आणि अमर कॉलनीचा आकडा लिहिला, शिवाय मूठ शाबूत असल्याचे वेगळे धरले. त्या प्रमाणात विम्याचा हप्ता चढला. मग पॅकिंग, सोसायटीचा गेटपास, दोन्हीकडची हमाली. बेरीज झाली तेव्हा बॉक्सबेड, सोफा आणि कूलरचे मिळून आलेले पैसे जेमतेम पुरत होते. भाऊसाहेबांनी छत मोडलं ते फौज पोसायला. आम्ही घर मोडलं ते एक कपाट पोसायला.

माणूस जाता जाता दारात थांबला. खोलीभर नजर फिरवून त्यानं आपुलकीनं विचारलं, “बस एक अलमारी? पार्ट लोड में मिनिमम चार्ज तो लगेगा ही. इतने में सोफा और बेड भी चला जाता.”

मी बायकोकडे पाहिलं नाही. पण तुघलकाच्या पक्षाकडून आवाज आलाच : “अहो, त्या सोफावाल्याचा नंबर आहे ना तुमच्याकडे? त्याला विचारा, लास्ट प्राइस काय घेईल.”