पावतीवाले नाना

आमच्या सोसायटीत बाकी सगळ्यांकडे ‘भाच्याने टाकून दिलेलं’ विंडोज आहे. नानांकडे पावतीचं. बँकेच्या ऑडिट खात्यातून निवृत्त झालेल्या माणसालाच ही हौस झेपते. २०१६ साली त्यांनी विंडोज १०चं खोकं आणलं आणि आल्यागेल्याला ते एफडीच्या पावतीसारखं दाखवलं, म्हणजे लांबून. आतलं २५ अक्षरांच्या ‘की’चं कार्ड हरवू नये म्हणून सीपीयूच्या पाठीवरच चिकटवून टाकलं.

२०१९च्या पावसाळ्यात लाइट गेली, आली, आणि येताना मदरबोर्ड घेऊन गेली. नवा बोर्ड बसला तशी पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात ‘अ‍ॅक्टिव्हेट विंडोज’ अशी फिकट अक्षरं उगवली. लायसन्सची गाठ मदरबोर्डशी बांधलेली. बोर्ड बदलला की ते मालकालाही ओळख देत नाही.

“माझ्याच घरात मलाच पावती मागतो!” नाना कडाडले. खरं तर कुणीतरी एकदाची पावती मागितली, याने ते आतून फुलले होते. फाइल निघाली. पावती होती, पण तिच्यावर की कुठली असायला?

मी आयटीत आहे, म्हणजे पगारपत्रकं बनवतो. तरी बोलावणं मलाच.

सीपीयू फिरवला. कार्डावर तीन खंडेनवम्यांचं हळदकुंकू साचलेलं, आणि स्वस्तिक नेमकं तिसऱ्या गटावर.

“हे शून्य असेल,” नाना म्हणाले.

“शून्य, एक, ओ, आय असली घोटाळ्याची अक्षरं यात घेतच नाहीत, नाना. आठ तरी असेल, नाहीतर बी.”

“मग आठ आणि बी दोन्ही कशाला ठेवले?”

ऑडिटचा हा आक्षेप आजतागायत निकालात निघालेला नाही.

बी निघाला. पण नेटवरून नकारच आला, म्हणून फोन लावला. पडद्यावरचे ६३ आकडे, सात-सातचे नऊ गट, नानांनी व्हाउचर तपासावं तसे वाचले आणि मी फोनवर दाबले. मग पलीकडची यांत्रिक बाई ४८ आकडे सांगू लागली. ती सांगणार, नाना मोठ्याने म्हणणार, मी आठ चौकटींत भरणार, अशी वाटणी. सहाव्या चौकटीत होतो आणि स्वयंपाकघरातून नानी ओरडल्या, “तीन झाल्या! गॅस बंद करू?” मी तीन भरला.

पुन्हा पहिल्यापासून. या खेपेस कुकर उतरवून.

कोपऱ्यातली अक्षरं गेली. मला वाटलं, आता चहा. नानांनी वही काढली, ४८ आकडे उतरवले, प्रत्येक गटापुढे लाल टिक, खाली तारीख, सही. मग पेन माझ्याकडे सरकवलं.

“साक्षीदार म्हणून,” म्हणाले. “पूर्ण नाव लिही.”