निवांतराव

यांची ओळख करून द्यायला नको. अमेरिकेतल्या प्रत्येक मराठी कंपूत एक निवांतराव असतातच. "यंदा धावपळ नाही हं! छोटी छोटी गावं बघत, गरम पाण्याच्या कुंडांत डुंबत आरामात जायचं," असं ते जाहीर करतात आणि आठवड्याभरात सगळ्यांना एक्सेलचा तक्ता धाडतात. डेन्व्हर, ग्लेनवूड स्प्रिंग्ज, यूरे, पागोसा स्प्रिंग्ज. प्रत्येक गावापुढे रकाना : 'निवांत बसणे, ४.१० ते ४.५५ (कपडे बदलणे धरून)'. ग्लेनवूडचा चारशे फुटी तलाव १८८८ पासून जागचा हललेला नाही, पण ४.५६ला तो पळून जाईल अशी यांना धास्ती. पागोसाच्या मूळ झऱ्यात हजार फुटांवर दोरी सोडली तरी तळ लागला नाही. तक्त्यात त्याला पंधरा मिनिटं, फोटोसकट. यूरे ते सिल्व्हर्टन हा घाटरस्ता बहुतेक ठिकाणी कठड्याविना दरीच्या काठाने जातो. तिथे मागच्या सीटवर रामरक्षा चालू असते आणि पुढच्या सीटवर "आपण सात मिनिटं मागे आहोत" हा जप.

वेळ ठरवून घेतलेला आराम हा आरामच नव्हे, हे उघड आहे. यावर निवांतरावांकडे पुरावे तयार असतात. वायोमिंगमधल्या थर्मोपोलिसच्या सरकारी स्नानगृहात पाणी फुकट, पण बसायची मुभा वीसच मिनिटं. यलोस्टोनचा ओल्ड फेथफुल हा गरम पाण्याचा फवारा तर साधारण दर दीड तासाने उसळतो आणि त्याची पुढची वेळ आधी लावलेली असते. "निसर्गच वेळ पाळतो, मग मी पाळली तर काय बिघडलं?" युक्तिवाद बिनतोड वाटतो, पण फसवा आहे. चाळीस अंशांच्या पाण्यात फार वेळ बसलं तर चक्कर येऊ शकते, म्हणून तिथली मर्यादा शहाणपणाचीच. आणि ओल्ड फेथफुलला चुकली वेळ गाठायची नसते. अंदाजापेक्षा दहा मिनिटं उशीर झाला तर तो कुणाची माफी मागत नाही.

तरीही न्याय करायचा तर दुसरी बाजूही पाहायला हवी. रजा मोजकी, गावागावांत तीन-तीन तासांचं अंतर आणि मध्ये मैलोन्‌मैल पेट्रोल पंपाचं नाव नाही. अशा मुलखात कुणीतरी टाकी, खोल्या आणि पुढचं जेवण डोक्यात ठेवतं, म्हणूनच बाकीचे पाण्यात डोळे मिटून पडू शकतात. तक्त्यातला निवांतपणा सगळ्यांच्या वाट्याला येतो, फक्त तो आखणाऱ्याच्या येत नाही. ४.१० ते ४.५५ हे गृहस्थ काठावर बसलेले असतात : पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, पाय पाण्यात, मांडीवर सहा जणांचे टॉवेल, चष्मे आणि गाडीची किल्ली. त्यांना हसणाऱ्यांनी पुढच्या सहलीत ते टॉवेल स्वतः सांभाळावेत, किल्ली काढून घ्यावी आणि या माणसाला एकदा तरी गळ्यापर्यंत पाण्यात बसवावं.