सगळंच जाड

चौकातल्या फ्लेक्सवर भाऊंचा वाढदिवस. ‘भाऊ’ जाड, ‘हार्दिक’ जाड, ‘शुभेच्छा’ त्याहून जाड. वर पिवळी किनार, खाली काळी सावली. फ्लेक्सवाल्याला विचारलं, “फॉन्ट कोणता?” म्हणाला, “सगळ्यात ठसठशीत!”

‘एक टाइप’ या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेचा ‘मोदक’ हा फॉन्ट फुकट मिळतो. अक्षरं इतकी गुबगुबीत, की पोटातल्या पोकळीची जेमतेम फट उरते. मोठ्या आकारात दोन शब्द लिहा, झकास! त्यातच बावीस शुभेच्छुकांची नावं कोंबली, की उरतो उकडीचा लगदा.

अक्षरकार कमल शेडगे नाटकाचं नाव असं रेखाटायचे, की अक्षरांतूनच नाटकाचा स्वभाव कळे. इथं भाऊंचा कळतो, एवढं मात्र खरं.

सगळेच ओरडले, तर ऐकायचं कुणाचं? एकाच शब्दाला जेवू घाला; बाकीच्यांना उपास घडू द्या.