एक्स पहिली, वाय दुसरी

लिनक्स कर्नलमध्ये ‘मिन’ नावाचा मॅक्रो आहे. दोन किमतींतली लहान काढून देतो. त्याच्या डोक्यावरची टिप्पणी सांगते: एक्स म्हणजे पहिली किंमत, वाय म्हणजे दुसरी. उपकार झाले! नाहीतर आम्ही वायलाच पहिली धरून बसलो असतो.

२०२४ मध्ये हाच मिन स्वतःच्याच पोटात शिरला आणि झेन या हायपरवायझरसाठीच्या सेटअप फाइलमधली एकच ओळ प्रीप्रोसेसरने फुगवून ४७ मेगाबाइटची केली. कंपायलर घामाघूम. टिप्पणी ढिम्म: एक्स पहिली, वाय दुसरी.

बिचाऱ्या लिहिणाऱ्याला तरी काय बोलावं? अशा टिप्पण्या वाचणारं कर्नलचं साधन, कर्नल-डॉक, हा तपासनीस. टिप्पणीच्या सुरुवातीला दोन तारका नसतील तर तो ढुंकूनही बघत नाही. असल्या, तर प्रत्येक पॅरामीटरपुढे काहीतरी खरडलंय ना, एवढंच पाहतो. त्यात अर्थ आहे की नाही, हे त्याच्या खात्यात येत नाही. (सरकारी अर्ज भरलेल्यांना ही पद्धत नव्याने समजावायला नको.)

‘कंटेनर_ऑफ’ या दुसऱ्या मॅक्रोच्या टिप्पणीत मात्र एक ओळ खरंच कामाची आहे: सावधान, पॉइंटरचा कॉन्स्टपणा (‘बदलू नका’ हा शिक्का) इथे गळून पडतो. ही ओळ तपासनिसाने मागितलीच नव्हती.