कागदोपत्री डिझेल

आमच्या जीपच्या आरसी बुकात ‘इंधन’ या रकान्यात सुवाच्य अक्षरात ‘डिझेल’ लिहिलेलं आहे. बॉनेट उघडलं की आत मात्र इंजिन नव्हतं, कोंबडी होती. बॅटरीच्या ट्रेमध्ये बसून ती अंडी घालायची. सरकारी नोंद प्रमाण मानली तर ती अंडीसुद्धा डिझेलवरच निघत होती.

जीप आजोबांची. सीजे-३बी, म्हणजे ती उंच कपाळाची. हे कपाळ शोभेसाठी नव्हतं. विलीजच्या ‘हरिकेन’ इंजिनात हवा आत घेणारे व्हॉल्व्ह वर, हेडमध्ये गेले, इंजिन उंच झालं आणि जुन्या बॉनेटखाली मावेना. तेव्हा अमेरिकेतल्या कारखान्याने १९५३ साली सरळ बॉनेटच उंच करून टाकलं. इकडे महिंद्रांनी हीच गाडी पुढे वर्षानुवर्षं काढली. आजोबा तिच्यातून सरकी, पाहुणे आणि निवडणूक आली की उमेदवार, असा सगळा माल वाहायचे. ती चालायची पेट्रोलवर आणि प्यायची मनसोक्त. १९७३ च्या अरब-इस्रायल युद्धानंतर तेल भडकलं, तेव्हा पश्चिम आशियातल्या भानगडीची झळ केळापूर तालुक्यातल्या माणसाला कशी लागते, हे आमच्या घराला पहिल्यांदा कळलं. आजोबांनी उमेदवार वाहणं बंद केलं.

पुढे ऐंशीच्या दशकात वडिलांनी पेट्रोल इंजिन उतरवून प्युजोचं डिझेल बसवलं. त्या काळी हे सगळेच करत. वडिलांनी मात्र त्यानंतर यवतमाळला जाऊन आरटीओत रीतसर नोंद करून घेतली, जे कुणीच करत नसे. मग काही वर्षांनी तेच इंजिन त्यांनी आत्येभावाच्या काळी-पिवळीला उसनं दिलं. पाटणबोरीच्या वाटेवर त्या इंजिनाने किती माणसं वाहिली याचा हिशेब नाही. इंजिन परत आलं नाही, आणि नातं बिघडेल म्हणून कुणी मागितलंही नाही. जीप गोठ्याशेजारी उभी राहिली आणि कोंबडीला घर मिळालं.

जीप पुन्हा उभी करायची असं मी जाहीर केलं तेव्हा काकांचा एकच हेका. “पेट्रोलचंच बसव. गोदामात हाये ना पडून.” होतंही. बारदानात गुंडाळलेलं, ग्रीस फासलेलं हरिकेन कोपऱ्यात बसलं होतं आणि त्याच्यावर आईने वाळवणाच्या परड्या रचल्या होत्या. पण मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आडवं आलं. गाडीचा नोंदीतला तपशील मनाला येईल तसा बदलता येत नाही, आणि २०१९ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयानेही त्याच कलमावर बोट ठेवलेलं. पेट्रोलवर जायचं तर नवा अर्ज, नवी परवानगी. डिझेल ठेवलं तर निदान रकाना तरी आपल्या बाजूने. असा आमच्या घरचा तात्त्विक वाद चाळीसेक वर्षांपूर्वीच्या एका कारकुनाच्या अक्षराने मिटवला.

नागपूरच्या भंगारात एका एमएम-५४० जीपची चिरफाड झाली होती, तिचं प्युजो बिलासकट मिळालं. एक्सडीपी ४.९०. चार सिलिंडर, नव्वद मिलिमीटरचा बोअर, म्हणून ४.९०. नाव ठेवणारा माणूस हिशेबनीस असावा. महिंद्रांनी हे इंजिन इगतपुरीच्या कारखान्यात बनवलं, तेव्हा फ्रेंच कुळातलं असलं तरी संस्कार नाशिक जिल्ह्याचे. सीसी मोजले तर ते हरिकेनपेक्षा किंचित लहानच, २११२. वजन मात्र उचलणाऱ्या चौघांना विचारा. पेट्रोल इंजिनात हवा-पेट्रोलचं मिश्रण सात-एक पट दाबतात आणि ठिणगी टाकून पेटवतात. डिझेलमध्ये ठिणगीचा प्रश्नच नाही. नुसती हवा वीस पटींच्या वर दाबायची, ती तापून लाल व्हायची बाकी राहते, आणि त्यात डिझेलचा फवारा मारायचा. एवढा दाब सोसायचा म्हणजे ब्लॉक जाडजूड हवा.

मिस्त्रीने कडुनिंबाच्या फांदीला चेन कुप्पी लावली. फांदी खाली आली, मिस्त्री वर पाहत म्हणाला, “होऊन जाते भाऊ.” आमच्याकडे मिस्त्री दोन प्रकारचे असतात. एक ‘नाही जमत’ म्हणणारा, तो लवकर धंदा बंद करतो. दुसरा ‘होऊन जाते’ म्हणणारा, त्याच्या दारात तीन-तीन वर्षं गाड्या उभ्या असतात. लोक दुसऱ्याकडेच जातात.

इंजिन बसवणं हे इंजिन बदलण्यातलं सगळ्यात सोपं काम आहे. वडिलांच्या काळची अडाप्टर प्लेट गिअरबॉक्सला होती, लेथवाल्याने तिची भोकं सारखी करून दिली. खरा खेळ त्यानंतर सुरू झाला. डिझेल इंजिन घरात येतं ते घरजावयासारखं. त्याला स्वतःला काही करायचं नसतं, पण त्याच्यासाठी घरातलं सगळं हलवावं लागतं. पुढचे पाटे बसले, म्हणून दोन्हीकडे एकेक जादा पाटा घातला. पाटा घातला तर गाडीचं तोंड वर झालं आणि स्टीअरिंग डगमगायला लागलं. रेडिएटर तापायला लागला, तो मोठा केला. मोठा केला तर पंखा घासला. साधी बॅटरी स्टार्टरला फिरवेना, मोठी आणली. ती ट्रेमध्ये बसेना, ट्रे कापला. कोंबडी दोन दिवस ओट्यावर येऊन ओरडून गेली.

हे सगळं आडोशाला झालं असतं तर बरं. पण नागपूर-हैदराबाद रस्त्यावर मिस्त्रीचं दुकान, म्हणजे कापूस विकून परतणारा प्रत्येक माणूस थांबणार, बॉनेटमध्ये डोकं घालणार. “काहून भाऊ, ट्रॅक्टरचं बसवाचं होतं ना, सस्त्यात झालं असतं!” एक निवृत्त गुरुजी रोज फेरफटक्याला येऊन सांगत की कंपनीने दिलेल्या गाडीशी असा खटाटोप करू नये, कंपनीला जास्त कळतं. मग त्यांना सांगावं लागलं की गुरुजी, हा खटाटोप कंपनीनेच केलेला आहे. सत्तरच्या दशकात महिंद्रांना डिझेल जीप हवी झाली, तेव्हा त्यांनी इंटरनॅशनल बी-२७५ ट्रॅक्टरचंच इंजिन उचलून जीपमध्ये बसवलं आणि तिला सीजे-५००डी असं भारदस्त नाव दिलं. गुरुजी विचारात पडले. पलीकडे ज्याने ट्रॅक्टरचं इंजिन सुचवलं होतं तो शेतकरी मात्र छाती काढून उभा राहिला.

सगळ्यात मोठा घोटाळा वायपरने केला. या जीपच्या काचेवरचं वायपर विजेवर चालत नाही, इंजिनाच्या ओढीवर चालतं. पेट्रोल इंजिनात कार्ब्युरेटरची झडप हवा अडवते, त्यामुळे आतल्या नळीत पोकळी तयार होते. त्या पोकळीला एक रबरी नळी जोडली की वायपर आपोआप हलतं. ॲक्सिलरेटर दाबला की पोकळी कमी होते आणि वायपर मध्येच थांबतं, म्हणजे चढावर भर पावसात समोरचं दिसायचं असेल तर पाय उचलावा लागतो. ही अमेरिकन अक्कल. डिझेलला तर हवा अडवायची सवयच नाही, तेव्हा पोकळीच नाही. मिस्त्रीने नळी जोडली, वायपर जागचं हललं नाही. त्याने नळी तोंडात धरून जोरात ओढली, वायपर अर्धा फेरा मारून आडवं झालं. “चालते भाऊ,” तो म्हणाला, “फक्त एक माणूस पाह्यजे.”

वडिलांच्या काळात हे कसं भागत होतं, असं मी आईला विचारलं. आई म्हणाली, “मी बसत होती ना बाजूले. काचेतून हात काढून पुसत होती.” पावसाळ्यातल्या आमच्या कौटुंबिक सहलींबद्दल ती कधी फारसं का बोलत नसे, ते तेव्हा उलगडलं. शेवटी व्हॅक्यूम पंपवाला अल्टरनेटर आणला, त्याच्यावर वायपर चालतं. आता ते ॲक्सिलरेटर दाबला की थांबत नाही, उलट जोरात फिरतं. कोरड्या उन्हात उताराने निघालो की लोक हात करून दाखवतात, भाऊ, पाऊस कुठी हाये?

दुसरी सोय अशी की या जीपची टाकी ड्रायव्हरच्या सीटखाली असते. डिझेल पंपाला लागतं त्यापेक्षा जास्त जातं आणि उरलेलं इंजिनाजवळून तापून, परतीच्या नळीने पुन्हा टाकीत येतं. म्हणजे माझ्या खाली. मे महिन्यात आमच्या पांढरकवड्यात पारा पंचेचाळीसच्या आसपास असताना ही परतफेड विशेष जाणवते. मिस्त्रीचं म्हणणं, थंडीत कामा येईन. थंडी आमच्याकडे येते ती लग्नाच्या पाहुण्याइतकीच, पण त्याचा आशावाद मोडावासा वाटत नाही.

वेगाचं विचारू नका. डिझेल इंजिन फार फेरे घेत नाही, आणि मागच्या एक्सलचा क्राउन-पिनियन ५.३८ चा, म्हणजे चाक एकदा फिरवायला शाफ्टने पाचाहून जास्त वेळा फिरायचं. पन्नासच्या पुढे काटा गेला की बोलणं बंद करावं लागतं, कारण ऐकू येत नाही. आमच्या जवळच्या टिपेश्वर अभयारण्यातला एक वाघ २०१९ च्या जूनमध्ये निघाला, तेलंगणातून फिरून डिसेंबरात बुलडाणा जिल्ह्यातल्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला. गळ्यात रेडिओ कॉलर होता म्हणून हिशेब लागला: तेराशे किलोमीटर. त्याला लोकांनी ‘वॉकर’ नाव दिलं. काका मला दर रविवारी या वाघाची आठवण करून देतात आणि तुझी गाडी कुठवर गेली, असं विचारतात.

आणि स्वस्ताईचा मुद्दा? डिझेल स्वस्त, हा आमच्या घराचा धर्म होता. २०१४ च्या ऑक्टोबरात सरकारने डिझेलच्या भावावरचं नियंत्रण काढून घेतलं, तेव्हापासून पंपावर दोन्ही आकड्यांमधलं अंतर पाहून वडिलांचा फोटो भिंतीवरून माझ्याकडे बघेनासा झालाय.

आरटीओची तपासणी झाली. चेसिसवर कागद ठेवून पेन्सिल घासायची आणि नंबराचा ठसा घ्यायचा, ही पद्धत मला फार आवडते. सगळं काम संगणकावर गेलं तरी शेवटी प्रश्न येऊन थांबतो एका पेन्सिलीवर. साहेबांनी बुक पाहिलं, बॉनेटमध्ये पाहिलं, बिल पाहिलं, परवानगीचा अर्ज पाहिला, आणि रकाना आणि वस्तू जुळल्याचा आनंद त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसला.

त्यानंतरच्या महिन्यात पुण्याहून एक गृहस्थ आले. त्यांच्याकडेही सीजे-३बी, तिच्यातही कुणीतरी डिझेल घातलेलं, आणि ते आता काढून त्यांना मूळ हरिकेन बसवायचं होतं. २०२१ च्या नियमांप्रमाणे पन्नास वर्षांवरची, मूळ रूपातली गाडी ‘विंटेज’ म्हणून नोंदवता येते, नंबरात ‘व्हीए’ अशी अक्षरं मिळतात. आमच्या गोदामातल्या बारदानाचा वास त्यांना कुठून लागला देव जाणे. त्यांनी आकडा सांगितला तेव्हा आईने पहिल्यांदा वाळवणाच्या परड्या उचलून बाजूला ठेवल्या.

काका मात्र खाटेवरून हलले नाहीत.

“विंटेज झाली मंग बाजारात नेता येईन?”

“नाही काका. रोजच्या वापराला परवानगी नसते. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, पेट्रोल भरणं, एवढंच.”

“लग्नाच्या वरातीत?”

“नाही.”

“मंग इंजन नेऊन कराल काय?”

गृहस्थ जरा अडखळले. “चालू करून ऐकू.”

काकांनी चहाचा कप त्यांच्या हातात दिला. “ऐकाचंच असन तं इथंच या ना बाप्पा. आपण दोघं बसू, पोरगं हॅंडल मारते.”