डॅडी सहल काढतो

आयर्लंडमध्ये उन्हाळा लागला की नाही, हे हवामान खात्याला विचारू नये. शेजारचा डॅडी अर्ध्या चड्डीत दारासमोर उभा राहून गाडीच्या टायरांना लाथा मारत हवा तपासताना दिसला, की लागला उन्हाळा. वर्षभर सूर्यदर्शन न झालेल्या पांढऱ्याफटक पोटऱ्या, अंगात किलकेनीच्या हर्लिंग (इथला काठी-चेंडूचा खेळ) संघाची काळ्या-पिवळ्या पट्ट्यांची जर्सी आणि खांद्यावर रेनकोट. अर्धी चड्डी आणि रेनकोट एकाच अंगावर पाहून नवख्या माणसाला हसू येतं. पुढच्या उन्हाळ्यात तो नवखा स्वतःच तसा हिंडायला लागतो.

डॅडी हा कुणी एक इसम नाही, ती जमात आहे. आमच्या किलकेनीच्या वसाहतीत चार घरं ओलांडली की एक सापडतोच. मुलांच्या देखत बायकोही त्याला "डॅडीला विचार" असंच म्हणते, त्यामुळे त्याचं पाळण्यातलं नाव काय, हे शेजाऱ्यांना बरेच दिवस कळत नाही. त्यालाही त्यात काही वावगं वाटत नाही. मात्र बाकी सगळ्या जगाचं नाव, गाव, आजोळ त्याला पक्कं माहीत हवं.

ऑगस्टचा पहिला सोमवार म्हणजे इथे बँक हॉलिडे. त्या दिवशी घरी बसणं डॅडीच्या लेखी पाप. कुठे जायचं हे तो आदल्या रात्री सगळ्यांना विचारतो, सगळ्यांचं नीट ऐकून घेतो आणि आधीच ठरवलेलं जाहीर करतो. फेरीकॅरिग! वेक्सफर्ड शहराजवळ, स्लेनी नदीच्या काठी ३५ एकरांत पसरलेलं आयरिश नॅशनल हेरिटेज पार्क. १९८७ साली सुरू झालेलं. झाडीतून आणि दलदलीतून एक पायवाट जाते आणि तिच्या कडेला आयर्लंडची ९,००० वर्षं ओळीने मांडून ठेवली आहेत, मध्याश्मयुगीन शिकाऱ्यांच्या तळापासून नॉर्मनांच्या किल्ल्यापर्यंत. बहुतेक सगळं नव्याने उभारलेलं, पण जुन्या नमुन्याबरहुकूम. डॅडीला ही जागा फार प्रिय. या ९,००० वर्षांतला कुणी "तुमचं चुकतंय" म्हणायला उठून येत नाही.

किलकेनीहून निघायचं, तर न्यू रॉसला सरळ रस्ता जातो. डॅडी सरळ जात नाही. न्यू रॉसजवळ बॅरो नदीवर २०२० साली रोझ फिट्झजेराल्ड केनेडी पूल झाला. राष्ट्राध्यक्ष केनेडींच्या आईचं नाव दिलेला, ८८७ मीटर लांबीचा, आयर्लंडमधला सर्वांत लांब. तो वाटेत पडत नाही, म्हणून डॅडी वाट वाकडी करून त्यावरून जातो. पुलावर गाडीचा वेग कमी करून म्हणतो, "आठशे सत्त्याऐंशी!" मागच्या सीटवरची मुलं हा आकडा त्याच्याबरोबर कोरसात म्हणतात. मग पूल नव्हता तेव्हा न्यू रॉसमध्ये गाड्यांची रांग कुठपर्यंत जायची, याचं सविस्तर वर्णन. ते संपेपर्यंत वेक्सफर्ड येतं. पुढच्या सीटवरची आजी, म्हणजे नॅना, जपमाळ ओढत असते. पुलासाठी की डॅडीच्या गाडी चालवण्यासाठी, ते तिचं तिला ठाऊक.

पार्किंगमध्ये पोचल्यावर लोक तिकिटाच्या खिडकीकडे जातात. डॅडी डिकीकडे जातो. डिकी हे या सहलीचं खरं गर्भगृह आहे. आत फॉइलमध्ये गुंडाळलेली हॅम सँडविचं, टेटो कंपनीची चीज-कांदा वेफर्सची पाकिटं, किम्बर्ली बिस्किटं आणि दोन थर्मास. एकात बॅरीज चहा, दुसऱ्यातही बॅरीज चहा. सँडविचं मॅमीने पहाटे उठून केलेली असतात, पण वाटप डॅडी करतो. त्यामुळे श्रेय कुणाचं, याबद्दल पाहणाऱ्याची गफलत होते आणि ती दूर करायला डॅडी जात नाही. आत चांगलं उपाहारगृह आहे असं कुणी सुचवलं, की त्याचा चेहरा दुखावल्यासारखा होतो. "एका कपाला एवढे पैसे? तेवढ्यात आख्खा महिना चहा होईल!" कंजूष म्हणावं, तर हाच माणूस शेजारच्या गाडीतल्या अनोळखी कुटुंबाला आग्रह करकरून चहा पाजतो. एकदा नाही म्हटलं तर पुन्हा विचारतो, दुसऱ्यांदा नाही म्हटलं तर कप हातातच देतो.

कप हातात आला की चौकशी सुरू. आपल्याकडे लग्नाच्या मांडवात म्हातारी मंडळी "म्हणजे तुम्ही साताऱ्याच्या अमक्यांचे कोण?" म्हणत तीन वाक्यांत नातं जुळवतात, अगदी तसं. गाव कुठलं, शाळा कुठली, आईचं माहेर कुठलं, हर्लिंग कुणाकडून खेळलात. पाचव्या प्रश्नाला चुलतभावाच्या मेहुण्याचा शेजारी निघतोच. पन्नास-पंचावन्न लाख वस्तीचा हा देश, न निघून जाईल कुठे? मी महाराष्ट्रातला म्हटल्यावर डॅडी किंचित अडला होता. मग डोळे चमकले. "म्हणजे लिओच्या गावाकडचा!" माजी पंतप्रधान लिओ वराडकर यांच्या वडिलांचं मूळ गाव मालवण तालुक्यातलं वराड. माझ्या गावापासून ते किती लांब आहे हे मी सांगू लागलो, तोवर मला लिओच्या भावकीत टाकून डॅडी पुढच्या गाडीकडे गेलासुद्धा.

तिकिटाच्या खिडकीवर फॅमिली तिकीट. मिसरूड फुटलेल्या थोरल्याला तिथे थोडं वाकून उभं राहण्याची सूचना असते. नॅना मात्र "मी ज्येष्ठ नागरिक आहे" हे तीनदा ठणकावून सांगते. पाऊस एव्हाना सुरू झालेला असतो. वेक्सफर्डचा हा भाग "उन्हाचा आग्नेय कोपरा" म्हणून देशभर मिरवतो. डॅडी आकाशाकडे बघून "सर आहे, जाईल" म्हणतो आणि सर दुपारी तीनपर्यंत आमच्याबरोबर हिंडते.

आता डॅडीचं व्याख्यान. पहिला मुक्काम फुलाक्त फिया. म्हणजे जमिनीत पुरलेली लाकडी डोणी. तिच्यात पाणी भरायचं, शेजारच्या जाळात दगड तापवायचे आणि लालबुंद झाले की पाण्यात सोडायचे. कांस्ययुगातल्या या जागा आयर्लंडभर हजारोंनी सापडतात. १९५०च्या दशकात कॉर्कचे प्राध्यापक ओ'केली यांनी हा प्रयोग खरोखर करून पाहिला. अर्ध्या तासात पाणी उकळलं आणि गवतात गुंडाळलेली दहा पौंडांची मटणाची तंगडी ३ तास ४० मिनिटांत शिजली. पौंडाला वीस मिनिटं आणि वर वीस, हा इथल्या घरोघरच्या आयांचा हिशेब. मॅमी एवढंच म्हणाली, "आणि तो जाळ घालत कोण बसलं होतं?" डॅडीने ते ऐकलं नाही. त्याला घाई होती पुढचं सांगायची. २००७ साली गॉलवेच्या दोन पुरातत्त्वज्ञांनी तशाच डोणीत बिअर करून दाखवली आणि या जागा मुळात त्यासाठीच असाव्यात असं मांडलं. पुरातत्त्वातला हा एवढा एकच सिद्धांत डॅडीला बिनशर्त मान्य आहे.

पुढे रिंगफोर्ट, म्हणजे गोल मातीचा बांध घातलेली मध्ययुगातली शेतकरी वस्ती. देशात अशी सुमारे ४५,००० ठिकाणं आहेत आणि ती टिकली याचं बरंचसं श्रेय पऱ्यांना. रिंगफोर्टात त्यांचा वास असतो, तिथे नांगर घातला तर घरात काहीतरी विपरीत घडतं, ही श्रद्धा. १९९९ मध्ये क्लेअर परगण्यात पऱ्यांचं मानलेलं एक काटेरी झुडूप वाचवायला नव्या रस्त्याच्या आराखड्यात बदल करावा लागला होता. डॅडी विसाव्या-एकविसाव्या शतकाचा माणूस, पऱ्याबिऱ्या मानत नाही. फक्त मामाच्या शेतातल्या रिंगफोर्टाचा विषय निघाला की म्हणतो, "कशाला उगाच." इथल्या रिंगफोर्टात पैसे भरून रात्री मुक्काम करता येतो, हे कळल्यावर नॅना मोठ्याने हसली. "असल्या धुराच्या घरातून बाहेर पडायला आम्ही जन्म घालवला!"

पण डॅडी खरा खुलतो तो ओगम लिपीच्या दगडापाशी. दगडाच्या कडेवर आडव्या-तिरप्या रेघा, बहुधा खालून वर वाचायच्या. एवढी अगम्य लिपी, आणि लिहिलंय काय? बहुतेक दगडांवर "अमक्याच्या मुलाचा, तमक्याचा" एवढंच. ना राजाज्ञा, ना देवाची स्तुती. डॅडी त्या दगडावर हात ठेवून समाधानाने म्हणाला, "बघा, तेव्हाही लोक हेच विचारायचे." माझ्या मते त्याने दिवसभरात केलेलं हे सर्वांत अचूक ऐतिहासिक विधान.

सर्वांत चुकीचं विधान पुढच्याच वळणावर आलं. नदीवरच्या खडकावरचा उंच गोल मनोरा दाखवून तो म्हणाला, "भिक्षूंनी बांधला, व्हायकिंगांच्या भीतीने. हजार वर्षं झाली." मधल्या मुलीने मोबाइलमध्ये पाहून थंडपणे सांगितलं, "१८५७. क्रिमियन युद्धात मेलेल्या वेक्सफर्डच्या सैनिकांचं स्मारक." डॅडी म्हणाला, "नमुना जुनाच आहे ना?" यावर कुणी काय बोलणार?

नॉर्मन किल्ल्यापाशी मात्र गाठ पडली. इथेच ११६९ साली रॉबर्ट फिट्झस्टीफनने नॉर्मनांची गढी उभारली, तिचे अवशेष आता उत्खननात पुढे येताहेत. नॉर्मनांना बोलावणारा लेन्स्टरचा राजा डर्मट मॅकमरो. त्याची राजधानी फर्न्स, म्हणजे वेक्सफर्ड परगण्यातच. किलकेनीच्या माणसाच्या हाती याहून मोठं कोलीत काय द्यावं? हर्लिंगमध्ये किलकेनीची ३६ विजेतेपदं, वेक्सफर्डचं शेवटचं १९९६ सालचं. त्यात हा इतिहास! जुन्या वेषातली वाटाडी मुलगी शांतपणे माहिती देत होती, तेवढ्यात डॅडी मोठ्याने म्हणाला, "म्हणजे पुढची सगळी आठशे वर्षं इंग्रजांचं राज्य, ते तुमच्या वेक्सफर्डवाल्यांमुळे!"

मुलगी हसली. "आपण कुठले?"

"किलकेनी."

"छान. तुमच्याकडे तो किल्ला आहे ना, पाहुण्यांना दाखवता तो? तो दगडात बांधला विल्यम मार्शलने. त्याची बायको इझाबेल. तिची आई इफा. आणि इफाचे वडील डर्मट मॅकमरो. म्हणजे तुमचा किल्ला आमच्या राजाच्या नातजावयाचा."

नातं लावून कुणी गप्प केलं, की डॅडीपाशी उत्तर नसतं, कारण तेच त्याचं शस्त्र. तो पाच सेकंद नदीकडे बघत राहिला. मग त्या मुलीला विचारलं, "तुझं आडनाव काय म्हणालीस?" दहा मिनिटांनी तिच्या आजीचं माहेर किलकेनी परगण्यात निघालं आणि दोन्ही राष्ट्रांत तह झाला. ससाण्यांचा खेळ आमचा तेवढ्यात हुकला, धाकट्याने त्यावरून भोकाड पसरलं. त्याची समजूत मॅमीने खिशातल्या बिस्किटावर काढली. इथल्या सहलींतले बहुतेक तह तीच करते, पण तिच्यावर लेख लिहायचा तर तिला पाच मिनिटं एका जागी बसवावं लागेल.

परतताना रस्त्याकडेच्या लाकडी टपरीवर गाडी थांबली. वेक्सफर्डच्या स्ट्रॉबेऱ्या आणि नवे बटाटे. चार युरोच्या चहाला नाक मुरडणाऱ्या डॅडीने स्ट्रॉबेरीचे चार पुडे आणि बटाट्याचं पोतं घेतलं, भाव न विचारता. विकणाऱ्या मुलाला गाव मात्र विचारलं. बटाट्यांबाबत वेक्सफर्डला तो मानतो, हर्लिंगचा विषय वेगळा.

फेरीकॅरिगला जायचा योग आला, तर रेनकोट न्या आणि हाताशी निदान चार तास ठेवा. पार्किंगमध्ये काळ्या-पिवळ्या जर्सीतला कुणी डिकी उघडून उभा असेल आणि त्याने गाव विचारलं, तर नागपूर, नांदेड, नाशिक सांगत बसू नका. मालवण सांगा. चहा हमखास मिळेल, सँडविचचं तुमच्या नशिबावर.